सायकलवरची सुट्टी

आमच्या येरवड्याच्या वस्तीतली एक मुलगी जर्मनीत म्युनिकला परिचारिका आहे. रजेवर घरी आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "आई, यंदा सुट्टीत आम्ही तिघी मैत्रिणी सायकलने डोंगरातून समुद्रापर्यंत गेलो." माऊलीचा भाकरी थापणारा हात थांबला. "तुझ्या बापाने तीस वर्षे खडकीच्या कारखान्यापर्यंत सायकल हाणली, ती तुला हाणायला लागू नये म्हणून. आणि तू पदरचे पैसे घालून हाणतेस?"

वाचकहो, तिचे खोटे नाही. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, पण आपल्या घरात सायकल म्हणजे ड्युटी, डबा आणि भोंगा. स्कूटर आली की आधी सायकल भंगारात. मीही तेच केले.

मुलीने नकाशा पसरला. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून इटलीतल्या ग्राडो या समुद्रकाठच्या गावापर्यंत सुमारे ४१० किलोमीटरची खास सायकलवाट आहे. मध्ये आल्प्सची भिंत. तिथे सायकली आगगाडीत चढवायच्या आणि सुमारे साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे उतरायचे. इटलीत शिरल्यावर तर मौजच. बंद पडलेला जुना रेल्वेमार्ग त्यांनी मोडीत काढला नाही, त्यावर सायकलींसाठी रस्ता केला. तेच पूल, तेच बोगदे, आत दिवे, आणि एका जुन्या स्टेशनात चहापाण्याची सोय. रेल्वेचाच मार्ग, म्हणून चढ-उतार बेताचा. म्हातारी माणसे आणि लहान मुलेही जातात. वाटेत तार्विझिओपासून स्लोव्हेनियाकडे फाटा जातो. या तिघी तिकडेही डोकावून आल्या, म्हणजे तीन देश झाले.

"पोरीच्या जातीने एकटे-दुकटे?" शेजारच्या मावशींनी विचारलेच. मी त्यांना पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे सांगितले. २०१८ साली ही विशीतली मुलगी जगभर सुमारे २९ हजार किलोमीटर सायकलने फिरली, तेही एकटी.

बाप इतका वेळ गप्प होता. त्याने एकच विचारले, "उतारावर ब्रेक धरतात का?" मग स्वतःच बोलू लागला. १९७७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ५० वर्षे झाली, तेव्हा तो आणि कारखान्यातले दोघे सायकलने महाडला गेले होते. भोरपर्यंत ठीक. पुढे वरंधा घाटाच्या उतारात ब्रेकचे गुटके झिजून गेले आणि चपला रस्त्याला घासत खाली उतरले. महाडहून सावित्री नदीच्या कडेने समुद्र गाठायचा बेत होता. पण सोमवारी पहिली पाळी. सायकली एस.टी.च्या टपावर टाकून परत आले. समुद्र राहिला तो राहिलाच.

मुलीला हे ठाऊकच नव्हते. तीस वर्षांत बापाने सायकलची फक्त कुरकुर ऐकवली होती.

२० मार्च २०२७ ही त्या सत्याग्रहाच्या शतकाची तारीख. मुलगी म्हणाली, "बाबा, मी रजा टाकते. महाड आणि पुढे हरिहरेश्वर." आई म्हणाली, "यांचे गुडघे बघितलेस का?" त्यावर घाट एस.टी.ने आणि पुढचा नदीकाठ सायकलने, अशी तडजोड निघाली. पावसाळ्यात वरंधा दरडींमुळे बहुधा बंदच असतो, पण मार्चात ती अडचण नाही.

परवा त्यांच्या दारात जुनी काळी सायकल उलटी करून ठेवलेली दिसली. मागच्या चाकाचे स्पोक बदलायचे चालले होते, आणि आई बाजूला बसून पाना हातात देत होती.