राउटर भंगारात टाकण्यापूर्वी

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मिरजेचा सतार घडवणारा कारागीर असो की मोहल्ल्यातील शिवणकाम करणारा, आपल्या अनेक बांधवांचे घर हेच त्यांचे दुकान आहे. गिऱ्हाइकाला नमुने पाठवणे, जीएसटीचे बिल काढणे, बँकेचा हिशेब पाहणे ही सारी कामे घरच्या राउटरवर चालतात. राउटरमधील मूळ प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, नवा भरताना मध्येच वीज गेली की यंत्र मुके होते. पॉवरचा दिवा लागतो, पण वाय-फायचे नाव दिसत नाही. मग आपण दोन चुका करतो. एक तर राउटर भंगारात देतो, नाही तर यापुढे अपडेट करायचेच नाही, अशी शपथ घेतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

बहुतेक राउटरमध्ये यंत्र सुरू करणारा एक छोटा प्रोग्राम वेगळ्या जागी ठेवलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. फर्मवेअर अर्धवट राहिले तरी बूटलोडर बहुधा शाबूत असतो आणि त्याच्याकडून नवे फर्मवेअर भरून घेता येते. नुसते रीसेटचे बटण दाबत बसू नये. एरवी त्याने फक्त सेटिंग पुसली जाते, हरवलेले फर्मवेअर परत येत नाही.

आधी पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण कधी कधी काम चालू असते. तरीही यंत्र जागे झाले नाही, तर बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढावी आणि संगणक केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा. रीसेट दाबून धरत वीज सुरू केली की डी-लिंकच्या अनेक राउटरवर १९२.१६८.०.१ या पत्त्यावर फाइल भरण्याचे साधे पान उघडते. एसूसमध्ये पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागतो. मग कंपनीचा मोफत प्रोग्राम वापरावा. टीपी-लिंकच्या काही मॉडेलांना संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ असा लागतो आणि फाइलही ठराविक नावाचीच चालते. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. राउटरखालच्या लेबलवर मॉडेलसोबत छापलेला व्हर्जन क्रमांकही जुळला पाहिजे. व्हर्जन एकची फाइल व्हर्जन दोनमध्ये घालणे म्हणजे उरलासुरला जीवही घेणे. फायबरचा डबा इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर त्याला हात न लावता तक्रार नोंदवावी.

राहिला प्रश्न अपडेट टाळण्याचा. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला. ५४ देशांत किमान ५ लाख यंत्रे त्याच्या कह्यात गेली होती. त्यांत घरचे व छोट्या कार्यालयांचे राउटर होते आणि बहुतेकांतील उणिवा आधीच माहीत झालेल्या होत्या. कुलूप बिघडले म्हणून दुकान उघडे ठेवून कोणी घरी जात नाही. अपडेट जरूर करावे. मात्र धंद्याची वेळ टाळून, वायरने जोडून, शक्य तर इन्व्हर्टरवर, आणि सेटिंगची प्रत आधी जपून.

यातच आपल्या तरुणांसाठी रोजगारही आहे. मोबाइल दुरुस्त करणारा हात थोड्या शिक्षणाने राउटरही जिवंत करू शकतो. बूटलोडरच गेला असेल तर चिपमध्ये प्रोग्राम थेट लिहावा लागतो. पण बहुतेक राउटरचा स्वतःचा मॅक पत्ता व वाय-फायचे मोजमाप त्याच चिपमध्ये असते. दुसऱ्या राउटरची पूर्ण नक्कल चढवली तर तो चालू होईल, पण वाय-फाय कमजोर पडेल आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहील. म्हणून जुनी माहिती आधी काढून ठेवावी, मगच हात घालावा. जे होणार नाही ते स्पष्ट सांगावे. अर्ध्या तासाच्या कामासाठी नवे यंत्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्याला आज दोन पैसे जास्त मिळतील, पण उद्या त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही.