हाड सांधणारी शर्करा

रायगडच्या किनाऱ्यावर हाड मोडण्याचे प्रसंग नवे नाहींत. रेवदंडा, चौल, नागांव येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाडावर चढलेला गडी केव्हां घसरेल याचा नेम नसतो. पावसाळ्यांत शेवाळलेल्या मागील दारच्या पायरीवर घरांतील वडील माणसांचा पाय सरकतो. अशा वेळीं हाडवैद्यास निरोप जातो आणि स्वयंपाकघरांत डिंकाचे लाडू वळले जातात. त्यांतच शर्करेच्या रेणूंनीं मोडलेलें हाड लवकर जुळतें, अशी वार्ता कानीं आली म्हणजे आपल्या लाडवांस शास्त्राचाच आधार मिळाला, असें कोणासही वाटावें. म्हणून या वार्तेंतील तथ्य किती, हें येथें पाहूं.

संशोधक ज्या शर्करेविषयीं बोलतात, ती डब्यांतील साखर नव्हे. रसायनशास्त्रांत शर्करा हें एका मोठ्या कुळाचें नांव आहे. उंसाची साखर म्हणजे दोन मण्यांची जोडी. परंतु असेच शेंकडों मणी ओंवून निसर्ग लांब माळा करितो. कापसाचें सूत, बाभळीचा डिंक, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जवळ्याचें कवच, या सर्वांत अशाच माळा आहेत. म्हणून सूत कोणी गोड समजून चघळीत नाहीं. आपल्या शरीरांतील पेशींवरही अशा माळांचें आवरण असतें. त्यांतील एकीस हेपरन सल्फेट म्हणतात, आणि हाडाच्या प्रश्नांत मुख्य काम तिचें आहे.

हाड मोडलें म्हणजे तेथें रक्त सांकळतें, मग कूर्चेचा मऊ सांधा धरतो व पुढें त्याचें हाड बनतें. “येथें हाड घडवा” असा निरोप पेशींस देणारीं कांहीं प्रथिनें असतात. खनिजांश काढलेलें हाड प्राण्याच्या स्नायूंत ठेविलें तर तेथेंही नवें हाड उगवतें, हें अमेरिकन शल्यवैद्य मार्शल उरिस्ट यांनीं १९६५ सालीं दाखविलें. त्यावरून या प्रथिनांचा शोध लागला. त्यांपैकीं एक कृत्रिम रीतीनें तयार करण्यांत आलें व अमेरिकेंत त्यास २००२ सालीं मणक्याच्या आणि २००४ सालीं नडगीच्या शस्त्रक्रियेसाठीं मान्यता मिळाली. परंतु जखमेंत घातलेलें प्रथिन लवकर वाहून जातें. म्हणून मात्रा फार मोठी द्यावी लागे, आणि सूज येणें, नको तेथें हाड वाढणें, असे अपाय दिसूं लागले. मानेच्या शस्त्रक्रियेंतील अशा अपायांविषयीं तेथील सरकारी खात्यास २००८ सालीं इशारा द्यावा लागला.

येथें शर्करेची माळ उपयोगी पडते. दाराशीं आलेल्या पाहुण्यास आग्रहानें बसवून घ्यावें, तशी ती त्या प्रथिनास जखमेपाशीं धरून ठेविते. सिंगापूरच्या संशोधकांनीं या कामास योग्य अशी माळ निवडून काढिली व बाहेरचें प्रथिन न घालतांही प्राण्यांच्या हाडांतील खिंडार तिनें अधिक चांगलें भरून येतें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. कोळंबीच्या कवचापासून निघणाऱ्या कायटोसान नांवाच्या द्रव्याचेंही हाडासाठीं असेंच संशोधन चालू आहे. रक्तस्राव थांबविणाऱ्या पट्ट्यांत तर तें वापरलेंही जातें.

मात्र हीं द्रव्यें शल्यवैद्यानें जखमेच्या जागींच ठेवावयाचीं आहेत, खावयाचीं नव्हेत. आणि हेपरन सल्फेटचा हा उपाय अद्याप नित्याच्या उपचारांत आलेला नाहीं. खाल्लेली साखर आंतड्यांत सुटी होऊन रक्तांत जाते, तर डिंक आपल्या पाचकरसांनीं पचतही नाहीं. उलट रक्तांत साखर फार काळ अधिक राहिली तर ती हाडांतील तंतूंस चिकटून हाड ठिसूळ करिते; मधुमेह्याचें मोडलेलें हाड उशिरां जुळतें, तें याही कारणानें. तेव्हां मधुमेह असलेल्या सासूबाईंस सूनबाईंनीं प्रेमानें रोज दोन लाडू द्यावे, यांत प्रेम खरें असलें तरी हित नाहीं. इतरांस लाडवांतील खारीक, खोबरें, खसखस अवश्य पोषक आहे. पण दूध, डाळी, उसळी यांस अधिक मान द्यावा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, हेंही विसरूं नये. तंबाखू मात्र वर्ज्य करावी.

हाडवैद्याच्या कामट्यांविषयींही दोन शब्द. बांधल्यानंतर बोटें गार, निळसर किंवा बधिर पडलीं अथवा वेदना वाढत चालली, तर बंध तत्काळ सैल करून रुग्णालय गांठावें. एका रात्रीच्या विलंबानें हातपाय गमावण्याची पाळी येते. पडल्यावर वृद्ध माणसास उभें राहवत नसेल व पाय आंखूड होऊन बाहेर वळलेला दिसेल, तर खुब्याचें हाड मोडलें असें समजून चालावें. तेथें चोळणें नको. शक्य तों दोन दिवसांचे आंत शस्त्रक्रिया व्हावी, कारण अंथरुणाला खिळल्यावर न्युमोनिया आणि पाठीचे व्रण हे हाडापेक्षां अधिक घातक ठरतात. वयाकडे पाहून “आतां कशाला कापाकापी” असें म्हणण्यापूर्वीं घरांतील कर्त्या मंडळींनीं एवढें ध्यानीं घ्यावें.