आघाडी करा, पण ओळी आधी ठरवून



अंबाजोगाईत चार कार्यकर्ते जमले की प्रश्न निघतोच : दुसऱ्या संघटनांबरोबर जायचे की नाही? माझे मत, जायचे. दूध-भाजीपाला दोन दिवस अडला की शहर जागे होते. आपला कापूस आणि ज्वारी घरात पडून राहिली तर कोणाची झोप उडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला सोबती लागतातच.

पण २०१७ चा संप आठवा. १ जूनला पुणतांब्यातून तो पेटला. ३ जूनच्या पहाटे कोअर कमिटीतल्या काही जणांनी मुख्यमंत्र्यांशी बोलून तो मागे घेतल्याचे जाहीर केले. शेतकरी संतापले, संप चालूच राहिला. मग नाशिकला सुकाणू समिती उभी राहिली आणि ११ जूनला सरकारने कर्जमाफी 'तत्त्वतः' मान्य केली. मागणी होती सरसकट सातबारा कोरा करण्याची. २४ जूनला पदरात पडली ती दीड लाखाची मर्यादा. पुढे समितीतही फाटे फुटले.

यात दोष माणसांचा कमी, आधी न ठरवलेल्या गोष्टींचा जास्त. कपाशीत तूर घेताना ओळी आपण पेरणीआधी ठरवतो. तशाच तीन गोष्टी आधी लिहून काढा : सगळ्यांची मिळून मागणी कोणती, बोलणी करायला कोण जाणार आणि तडजोडीला होकार देण्याआधी कोणाला विचारायचे. बाकी झेंडे, बिल्ले, मतभेद ज्याचे त्याच्याकडे राहू द्या.

जिल्हा बैठकीत आधी हा ठराव घ्या, मोर्चाची तारीख नंतर.