नाही रुचत, तर ठेवा खाली

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथून लातूर-नांदेडच्या घरांत गेलेल्या जाडजूड कादंबऱ्यांपैकी काहींत खुणेची चिठ्ठी अजून पहिल्या शंभर पानांतच अडकलेली असेल, हे मी पैजेवर सांगतो. घेणारा रोज तिच्याकडे बघतो. ही संपल्याशिवाय दुसरी हातात घ्यायची नाही असं ठरवलेलं असतं, म्हणून मोबाइल उघडतो. असं करता करता वाचनच सुटतं. माझं सरळ सांगणं आहे, ती कादंबरी सोडून द्या.

आपल्याकडे हे जड जातं. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना एकच सवय: अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, मग उजळणी, मग सराव परीक्षा. नीटसाठी ते ठीक. पण कादंबरीच्या शेवटी प्रश्नपत्रिका कुणी देत नाही. नांदेडचं दुखणं निराळं. ते विचारवंत नरहर कुरुंदकरांचं गाव, तिथं चार वाचणाऱ्यांत ‘मला नाही जमली बुवा’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग अर्धी वाचलेली कादंबरी पूर्ण वाचल्यासारखी चर्चा रंगते. समोरच्यानंही ती अर्धीच वाचलेली असते, म्हणून निभावतं.

मात्र सोडण्याआधी एवढं तपासा: पुस्तक खरंच कंटाळवाणं वाटतंय, की त्याची भाषा अजून कानात बसलेली नाही? रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांच्या १९७१च्या ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची बायको आपल्या बोलीत सगळं सांगत जाते. आपल्याकडचा माणूस ती एका बैठकीत संपवतो, पुण्या-मुंबईचा वाचक मात्र सुरुवातीला अडखळतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ हातात घेतली की तीच पाळी आपल्यावर येते. २०१० साली आलेली ही कादंबरी सहाशेच्या आसपास पानांची. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खानदेशातल्या आपल्या मोरगावला निघतो, पण गोष्ट काही त्याच्याबरोबर सरळ रस्त्यानं चालत नाही. नातेवाईक, जाती, शेती, जुन्या आठवणी मध्ये येतच राहतात. ‘पुढं काय झालं’ म्हणत वाचणारा तिथं वैतागणारच. अशा पुस्तकाला घाई चालत नाही. रोज थोडं वाचा, घरात कुणी हसणार नसेल तर मोठ्यानं वाचा. बोली ऐकू यायला लागली की बरंच सोपं होतं.

असं पन्नास-साठ पानं करूनही पुस्तकाकडे हात जात नसेल, तर खुशाल बंद करा. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालेलं आहे, ते तुमच्यावाचून अडलेलं नाही. मधली पानं गाळून पुढं जायचं असेल तर तसंही करा. फ्रान्सच्या दान्येल पेनाकनं १९९२ साली वाचकाचे हक्क लिहून काढले, त्यात पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा हक्क आहे. आपण ते हक्क पूर्वीपासून बजावत आलोय, फक्त चोरून.

वयाचाही भाग असतो. १९६३ची ‘कोसला’ होस्टेलवरच्या पोराला आपलीच वाटते. तीच पन्नाशीत पहिल्यांदा वाचणाऱ्याला तिचा नायक पांडुरंग सांगवीकरच्या कानाखाली द्यावीशी वाटते. उलटही होतं, पंचविशीत न पेललेलं पुस्तक पंधरा वर्षांनी सहज उलगडतं. म्हणून नाव लक्षात ठेवा, रद्दीत घालू नका.

एम.ए. मराठीला किंवा सेट-नेटला कादंबरी नेमलेली असेल, त्यांनी यातलं काही ऐकू नये. त्यांनी पूर्ण वाचावी, गाइडवर भागवू नये.

बाकीच्यांनी अर्धी सोडलेल्या पुस्तकाला टाकाऊ ठरवू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘ऐंशी पानं वाचली, पुढं गेलो नाही’ एवढंच म्हणा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा एक आहे. तालुक्याच्या वाचनालयात अशा महागड्या कादंबरीची बहुधा एकच प्रत असते, आणि ती तुमच्या कपाटात पडून आहे तोवर तिचा खरा वाचक हात हलवत परत जातोय. उद्या जाऊन ती परत करा, आणि येताना आवडेल ते पुस्तक घेऊन या.