रापणीचा वाटा

दिवाळीच्या सुट्टीत मालवणास जायचे, म्हणजे फराळाच्या डब्याबरोबर सल्ल्यांची शिदोरीही न्यायची, असा आम्हां शहरवासीयांचा रिवाज आहे. "काही धंदा काढा, गाव सुधारा," हे सांगायला आपले काय जाते? गेल्या खेपेला मात्र हा सल्ला माझ्याच अंगाशी आला. पुतण्याने पडवीत एक कागद पुढे केला आणि विचारले, "काका, वाडी विकू का? हॉटेलवाले मागताहेत."

वाडी म्हणजे किनाऱ्यालगतचे चाळीसेक माड, एक विहीर आणि आजोबांनी बांधलेले कौलारू घर. कागदावरचा आकडा असा होता की, प्राध्यापकाने तो मोठ्याने वाचू नये!

खरे सांगतो, मी क्षणभर विरघळलो. एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर इथल्या चुली पेटत. मग १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ साली चिपीला विमानतळ सुरू झाला. मालवणात आगगाडी येत नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून मोटार धरावी लागते. तरी माणसे येतात, किल्ला पाहतात, समुद्रात बुडी मारून प्रवाळ न्याहाळतात, सुरमईचे ताट रिचवतात. पैसा येतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, तो मुक्कामाला कोणाकडे राहतो?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मिळाले. रापण चालली होती. होडीतून जाळ्याचा भला मोठा अर्धगोल समुद्रात सोडतात आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मासळी आली की वाटे पडतात. जो दोराला हात लावतो, त्याचा वाटा ठरलेला. एका म्हाताऱ्या रापणकराला पुतण्याने आपला पेच सांगितला. दोर न सोडताच तो म्हणाला, "झिला, जमीन इकलंस काय पैसे येतले, पण मगे पाय खंय टेकतलंस?"

अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण गावच्या उत्कर्षाची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही. होडी चालवणारा, पाहुण्याला बुडी शिकवणारा, कोकमाचे आगळ काढणारी, घावणे घालणारी, या सगळ्यांचे हात दोराला असतील, तर ती रापण. जाळे परक्याचे आणि आपले लोक तिथे भांडी घासायला, तर तिला विकास म्हणताना जीभ अडखळते.

दुसरी गोष्ट पाण्याची. १६६४ साली महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला, तो खाऱ्या समुद्राने वेढलेल्या खडकावर. पण तिथे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवतात. किनाऱ्यावर पंप लावून बेसुमार उपसा केला, की गोडे पाणी खाली जाते आणि समुद्राचे खारे पाणी विहिरीत शिरते. मग माड वाळतात आणि शेजाऱ्याचीही विहीर बिघडते. खोल्या किती बांधायच्या हे जागेने नव्हे, विहिरीने ठरवावे.

तिसरी गोष्ट पावसाची. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, मासेमारी बंद, पाहुणे बेताचेच. केवळ पाहुण्यांवर विसंबणाऱ्या घराला ते महिने कसे काढायचे, हे आधी ठरवावे लागते. म्हणून काजू, कोकम, मालवणी मसाला हे जोडधंदे सोडून चालत नाही.

परतण्याच्या आदल्या रात्री पुतण्याने कागद परत पाठवायचे ठरवले. घराच्या दोन खोल्या नीट करून पाहुणे ठेवायचे. वहिनी स्वयंपाकाचे पाहणार, शेजारचा मुलगा होडीचे. कर्ज काढावे लागणार आहे. बेत फसलाच, तर तो आकडा जन्मभर आम्हांला टोचत राहील, हेही मला कळते.

"काका, पहिला पाहुणा तुम्हीच," तो म्हणाला.

"आनंदाने!" मी म्हटले.

"पण पैसे देऊन हां!" वहिनी आतून म्हणाल्या.

फुकट सल्ल्याची सवय मोडायला याहून चांगला उपाय नाही. यंदाच्या दिवाळीचे आगाऊ पैसे मी पाठवले आहेत. आमचाही एक हात दोराला!