खोक्यावरची नायिका
हायाओ मियाझाकींचा ‘नाउशिका’ हा अॅनिमेशनपट 1984 साली जपानमध्ये आला. वाऱ्यावर स्वार होणारी, किड्यांशीही मायेनं वागणारी एक राजकन्या, तीच त्याचा जीव. पुढच्याच वर्षी ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’नं तो ‘वॉरिअर्स ऑफ द विंड’ या नावानं अमेरिकेत आणला. वीसहून अधिक मिनिटं कापली आणि व्हिडिओ कॅसेटच्या खोक्यावर चित्रपटात कुठंच नसलेले पुरुष योद्धे ऐटीत बसवले. नाउशिका मागं, लहानशी. हा नुसता विक्रीचा डाव नव्हे, कलाकृतीवरचा अन्याय होता, कारण दुकानातल्या फळीवर प्रेक्षकाशी पहिल्यांदा बोलतं ते कव्हरच. जपानमध्ये कव्हरासाठी चित्र काढण्याच्या कामाला वेगळाच मान आहे. तिथं अॅनिमेशन मालिका बऱ्याचदा सुट्या खंडांत विकतात, एका डिस्कवर जेमतेम दोन-तीन भाग, आणि प्रत्येक खंडासाठी नवं चित्र काढलं जातं, तेही पुष्कळदा पात्रांची रेखाटनं करणाऱ्या चित्रकाराच्याच हातून. ‘काउबॉय बीबॉप’ या मालिकेच्या कव्हरांवर दिसणारी तोशिहिरो कावामोतो यांची चित्रं अशीच. लेझरडिस्कच्या काळात तर चित्राला तीस सेंटिमीटरचा चौरस मिळे, एलपी रेकॉर्डच्या कव्हराएवढा! डीव्हीडीनं ती जागा निम्म्याहूनही कमी केली. डीव्हीडीचंच एक ऋण मात्र मानायला हवं: 2005 साली डिस्नेनं अमेरिकेत ‘नाउशिका’ डीव्हीडीवर आणला, तो एकही दृश्य न कापता, मूळ नावानिशी.