वाचलंत, आता पुढे द्या

चिकोडीच्या बाजारात आपण शेजाऱ्याला चांगलं बियाणं हमखास सुचवतो, पुस्तक मात्र क्वचितच. या अंकापासून तेही सुचवू या.

निपाणीत पिठाची गिरणी चालवता चालवता महादेव मोरे यांनी ‘एकोणिसावी जात’ लिहिली. अनिल अवचटांनी ‘अंधेरनगरी निपाणी’त तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांचं जगणं मांडलं. ही दोन्ही आधी वाचा. मग कृष्णात खोत यांची, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ‘रिंगाण’ घ्या: धरणाने उठवलेल्या गावात मागे राहिलेल्या म्हशीची ओढ त्यात आहे. कन्नड भैरप्पा वाचायचे तर उमा कुलकर्णींचे अनुवाद आहेतच.

पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहा आणि शेजाऱ्याच्या हाती ठेवा.